लाल फितीवरची शिवण

दोऱ्याचं रीळ टेबलावरून टपकन पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. नवराबायको दोघांनीही श्वास रोखून निजलेल्या लेकीकडे पाहिलं. ती हलली नाही.

"अगं, चार टाके तर घालायचेत," नवरा कुजबुजला.

त्याच्या मांडीवर कमरेचा पट्टा होता. ओतकामाच्या कारखान्यात सगळे कामगार अंगावर मोटरवर चालणारा लोखंडी सांगाडा चढवत. पाठीला, मांड्यांना आवळलेला. त्याच्या जोरावर दोघांचं ओझं एकटा उचली. सांगाड्याच्या या कमरपट्ट्याला एक लाल फीत लोंबे. ती ओढली की बक्कलं सुटून सांगाडा गळून पडे. पण मेली येता-जाता कशातही अडके आणि माणूस ऐन ओझ्याखाली मोकळा होई. म्हणून एकेकानं ती घरून पट्ट्यालाच घट्ट शिवून आणली होती.

"आणि लंबूभावजींचं काय झालं?"

लंबू त्याचा जोडीदार. भट्टीच्या तोंडाशी वाकला आणि सांगाडा तसाच अडकला, सरळच होईना. फीत ओढली म्हणून वाचला.

"भुवया जळाल्या, एवढंच. तशाही शोभत नव्हत्या त्याला."

"अहो, थट्टा पुरे!"

"बरं. परवा माझी फीत अडकली, तेव्हा हातातला साचा पायापासून वीतभर अंतरावर पडला. तेही सांगू?"

इकडे आड, तिकडे विहीर. तिनं मुद्दामच कच्चा धावदोरा घातला; जोराचा हिसका बसला तर तुटावा असा. त्यानं फीत ओढून पाहिली. टर्र!

"माझ्या आईपुढे मिरवतेस ती शिलाई हीच का?"

टोमणा वर्मी लागला. तिनं दोरा दुहेरी घेतला, मेण लावलं आणि दात आवळून सुई खुपसत राहिली. कापड फाटेल पण उसवणार नाही, अशी तिच्या हातची शिवण. तो पाळीवर जायचे कपडे घालायला आत गेला.

लेक डोळे चोळत उठली. तिनं दोन्ही हातांनी फीत धरली, पाय टेबलाला रोवला आणि ओढली. पट्टा सरकला, फीत नाही.

"आई, निघतच नाही गं!"

"निघू नये म्हणूनच शिवलीय, राणी."

नवऱ्यानं पट्टा खांद्यावर टाकला, लेकीचा गालगुच्चा घेतला. "येतो गं!" दार लागलं. जिन्यातली पावलं खाली खाली जात विरली.

लेक अजून रिकाम्या टेबलाकडेच बघत होती.

"आई, मग बाबा त्या सांगाड्यातून बाहेर कसे येणार?"