त्या जागी एक बुक्की

मी रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ओरडणं ऐकवलं, आज जरा माझं ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, छानसा दिवाणखाना मिळेल, हळू आवाजातली गाणी वाजवू. नशीब बघा, पडलो कवळ्या बनवणाऱ्याच्या हाती! कामाच्या टेबलावर मी, शेजारी लोकांचे दात आणि दिवसभर रॉक. तेही जुनंच. मालकाच्या मते त्याचं कॉलेज संपलं त्याच वर्षी जगातलं संगीतही संपलं, पुढचा सगळा नुसता गोंगाट. हे कोण म्हणतंय, तर ज्याच्यापायी शेजारी दार ठोठावून दमले तो.

मालकीणबाई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणायच्या, "अहो, त्या गाणाऱ्याला कुणीतरी पाणी द्या."

एक रेकॉर्ड म्हणजे मालकाचा जीव की प्राण. तिच्यात एक संथ गाणं, शेवटी लांबलचक गिटार. एकदा हातातली कानस गिटारसारखी वाजवता वाजवता साहेबांनी तीच रेकॉर्डवर ओढली. तेव्हापासून गिटारच्या तोंडाशी सुई अडकते आणि गायक एकच शब्द घोकत बसतो. टेबलावर बुक्की मारली की पुढे सरकतो. नवी रेकॉर्ड आणावी की नाही माणसानं? छे, यांनी बुक्कीची सवय लावून घेतली. पुढे लेकीच्या सासरी कुणीतरी मोबाइलवर तेच गाणं लावलं, तर यांनी नेमक्या जागी टीपॉयवर बुक्की हाणली. सगळा चहा गालिच्यावर. आपलं काय चुकलं, हे व्याह्यांना अजून कळलेलं नाही.

मला टोमणा सुचला नाही असा एकच दिवस. वडिलांना स्मशानात पोचवून आला तेव्हा मालक कुणासमोर रडला नव्हता. खोलीत येऊन दार लोटलं, तेच गाणं लावलं. बुक्की मारली, गिटार सुरू झाली आणि तो ढसाढसा रडला. दाराखालच्या फटीत मालकीणबाईंची पावलं दिसत होती. गाणं संपेपर्यंत ती हलली नाहीत.

मग मालकाची नजर अधू झाली, कवळ्या बंद झाल्या. दोघांनी लहान घरात जायचं ठरवलं. तिथे मला जागा नाही, हा मालकीणबाईंचा निकाल. मालक "बरं" म्हणाला. वा रे प्रेम!

मला न्यायला एक कॅफेवाला आला. काउंटरवर ठेवून माझ्यात फुलझाडं लावणार होता म्हणे. केवढा हा सन्मान!

चालतो का बघू, म्हणून त्यानं हाताला लागली ती रेकॉर्ड लावली. नेमकी तीच. मालक खिडकीबाहेर बघत बसला. सुई अडकली, गायक घोकायला लागला. मालकानं मूठ वळली, पण उचलली नाही.

इतक्यात स्वयंपाकघरातून मालकीणबाई आल्या आणि पिठाच्या हातानं टेबलावर दाणकन बुक्की मारली. अगदी त्याच जागी. गिटार खोलीभर झाली.

"काकू, छान चालतोय की," कॅफेवाला म्हणाला.

"कुठे चालतोय?" माझ्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या. "बिघडलाय तो. नेऊ नका."

आता मी नव्या घरात जेवणाच्या टेबलावर असतो. ताटं कशीबशी मावतात. गाणं अडकलं की दोन बुक्क्या एकदम पडतात आणि पाण्याचे पेले लवंडतात. तेवढं एक करा, मला दुरुस्त करायला कुणी येऊ नका.