दिवा लागायच्या आधी

मी एक पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही, शिवणकामाची नाही. माझ्या तोंडावर एक दिवा, बाजूला बटण आणि पाठीवर आकडे दाखवणारी छोटी काच. समोरच्या माणसाने दिवा दिसला की बटण दाबायचं. मध्ये किती वेळ गेला तो मी सांगायचा. एवढंच काम. आणि तेवढंही मला नीट जमलं नाही.

जंगलाकाठच्या मोहर्ली गावातल्या संघप्रियाने मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी घडवलं, मिठाईच्या पत्र्याच्या डब्यातून. तारा जोडताना बाहेर भांडं पडलं तरी ती दचकायची. तिचाच स्वभाव माझ्यात उतरला असावा. दिवा लावायची वेळ आली की आधी माझ्या पोटात 'टक्' व्हायचं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

खिडकीला गोणपाट लावून तिने शेजारपाजारच्यांना माझ्यापुढे बसवलं. दिवा प्रखर असला, जरा वेळ राहिला, की बोट पाव सेकंदात बटणावर. तोच मंद करून पापणी लवायच्या आत विझवला, की सगळ्यांचंच बोट रेंगाळायचं. उजेड कमी आणि तोही क्षणभर, मग डोळ्याला उशीर होतोच.

पण तिचा जीव कशात अडकला होता, ते शेजारची शकुबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा कळलं.

"काऊन जी श्रावणभाऊ, मी का वारूळ आहो? काल दिवस बुडता बुडता जिप्सी अंगावरच घातली असती!"

"दिसली नाई, बाई."

"वाघ दिसते तुमाले कोसावरून, अन् शकू नाई दिसत!"

सगळे हसले. संघप्रिया हसली नाही. श्रावणभाऊ तिचे वडील. वीस वर्षं सफारीची जिप्सी चालवत होते. घर त्या जिप्सीवरच चालायचं.

"बाबा, एकडाव बसा ना माह्या पेटीपुढं."

ते बसले. दिवा प्रखर असो की मंद, त्यांचा आकडा एकच, आणि सगळ्यांहून चांगला. संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमची नजर तं माह्याहून पक्की आहे, बाबा!" त्यांनी ते आकडे कागदावर लिहून घेतले आणि जंगलाच्या गेटवर जो भेटेल त्याला दाखवले.

मंद उजेडात सगळेच मागे पडतात, मग हा एकटाच माणूस कसा पडत नाही? हे विचारायला हवं होतं. जीव भांड्यात पडल्यावर कोण विचारतं?

त्यानंतर बाराव्या दिवशी, ऊन उतरल्यावर, शकुबाई सरपणाचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने येत होती. श्रावणभाऊंनी ब्रेक मारला, पण जिप्सी धडकल्यावर. तिचा पाय मांडीत मोडला.

संघप्रिया मला छातीशी धरून कॉलेजात गेली. सरांनी माझ्याकडे चक्क पाठ फिरवली, आणि तरी दर वेळी बटण बरोबर दाबलं. मग म्हणाले, "दिव्याआधी ही वाजते, पोरी."

श्रावणभाऊंनी लबाडी केली नव्हती. जंगलात वाघ आधी कानाला सापडतो. वांदराची खेकस, चितळाची ओरड ऐकून गाडी वळवायची, हीच त्यांची वीस वर्षांची सवय. बाकीचे दिव्याची वाट बघायचे; माझं 'टक्' ऐकून त्यांचं बोट हललं, आणि त्यांना खरंच वाटलं, आपण पाहिलं.

संघप्रियाने माझ्या पोटातली, दिवा लावणारी ती वाजणारी कळ काढून मुकी कळ बसवली. श्रावणभाऊ पुन्हा माझ्यापुढे बसले. मी मंद दिवा लावला. विझवला. पुन्हा लावला. त्यांचं बोट बटणावर तसंच टेकलेलं. मी एका माणसाच्या तोंडासमोर दहा वेळा पेटले आणि तो शांतपणे वाट पाहत राहिला.

"चालू कर ना वं," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांना तिचं स्फुंदणं ऐकू आलं. त्यांनी बटणावरून बोट उचललं.

"घे तो डबा. शकुबाईकडं जाऊ."

शकुबाई खाटेवर होती, पायाला प्लास्टर. श्रावणभाऊंनी मला तिच्या उशाशी ठेवलं. "बाई, तुमी खरं सांगत होत्या. मले कमी उजेडात दिसतच नाई. उद्या चाबी मालकाले देऊन टाकतो."

ती माफ केलं म्हणाली नाही. अंगणातला उजेड सरत आला तेव्हा मात्र त्यांच्याकडे तोंड वळवून बोलली, "आता निघा, भाऊ. दिवस बुडून राह्यला. पोरीचा हात धरून जाजा."

ती दोघं गेली. मला उचलायचं दोघांनाही सुचलं नाही. तेव्हापासून मी इथेच, तिच्या उशाशी. माझ्यावर औषधाच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. तिचा पाय जुळलाय, पण आखूड. भाताच्या रोवणीला ती गेली नाही.

वाचणाऱ्यांनो, मला कुणी पुन्हा वापरायला नेलंच, तर एवढं करा. आधी स्वतःचे डोळे बांधून माझ्यापुढे बसा. मगच दुसऱ्याचे डोळे माझ्या हवाली करा.