लोटेचा नाच

"हरी, लोटे अडकली!" दार उघडताच क्राउससाहेब म्हणाले.

हरिहर एसी बघायला आला होता, पण त्यानं बॅग व्हीसीआरपाशीच ठेवली. झाकण उघडलं. आत टेपचा चुरगळलेला गुंता झाला होता.

सौदीत अल-खोबरच्या या परदेशी लोकांच्या कंपाउंडमधले एसी हरिहर सांभाळायचा. क्राउससाहेब एकटे राहणारे जर्मन इंजिनियर. त्यांच्याकडे एकच कॅसेट होती, युद्धानंतर जर्मनीत निघालेल्या जुन्या सिनेमाची. सिनेमा ऑपेरेटावरून केलेला. ऑपेरेटा म्हणजे त्यांचं संगीत नाटक, एवढं हरिहरला समजलं होतं. मेजवानीच्या गाण्यात मागे नाचणाऱ्या मुलींत डावीकडून तिसरी लोटे, साहेबांची बायको. ती वारली, आता तेवढा नाच उरला होता.

दर शुक्रवारी दोघं तो बघायचे. हरिहर वेंगुर्ल्याचा, नाटकांच्या वेडात वाढलेला. गाणं रंगलं की त्याच्या तोंडून आपसूक निघायचं, "वन्समोअर!" साहेब हसून टेप मागे घ्यायचे. लोटे पुन्हा नाचायची. सीडीचा जमाना आला होता, पण नाचणाऱ्या बायकांची कॅसेट सीडी करायला इथल्या दुकानात द्यायची साहेबांना भीती वाटे.

आज टेप नेमकी त्या नाचापाशीच झिजून तुटली होती. चुरगळलेला तुकडा कापावाच लागला. हरिहरनं टोकं चिकटपट्टीनं जोडली. गाणं सुरू झालं, चित्र थरथरलं आणि एकदम मेजवानी संपलीच. लोटे आलीच नाही.

हरिहरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साहेब, माझ्या वन्समोअरमुळे..."

"मलाही तेच हवं असायचं, हरी." साहेबांनी तो तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि ते खिशावर हात ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पात त्याच्याच खोलीतल्या जमालुद्दीननं नेहमीसारखी हरिहरच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट लावली. कफीलनं, म्हणजे इथल्या मालकानं, पासपोर्ट दिला नाही, म्हणून हरिहर त्या लग्नाला गेला नव्हता. पुढे बायको मधुमती वारली, तेव्हाही पोचला नव्हता. कॅसेटमध्ये मधुमती अक्षता वाटत येते, कॅमेऱ्याकडे बघून लाजते आणि पुढे जाते. तेवढंच.

मधुमती आली, लाजली, गेली.

"हरीभाऊ, वहिनी गेल्या की! मागे घ्या ना."

हरिहरनं रिमोट उशीखाली सारला. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"जांव दे," तो म्हणाला. "टेप झिजता."

पडद्यावर पंगत बसली होती. हरिहर वाढप बघत राहिला.