हात न धरता

"दादा, सोड ना आता! मले येते."

"थांब. पडशीन."

पांढरकवड्याबाहेरच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात सहा वर्षांची दिपाली चाकाचे बूट घालून उभी होती आणि मागं वाकून तिची कंबर धरली होती आजोबांनी, हिरासिंगनी. बंजाऱ्यांच्या तांड्यात आजोबांना दादाच म्हणतात. हिरासिंग या जिनिंगचे चौकीदार. कापूस यायला दिवाळी उजाडते. तोवर सिमेंटचं हे लांबरुंद आवार रिकामंच पडलेलं असतं.

बूट आणले होते शामनं, दिपालीच्या बापानं. तो ट्रक चालवायचा. हैदराबादला घेताना त्यानं आपल्या घरची रीत पाळली : पोर वाढत्या अंगाची, तर माप मोठंच घ्यावं. फ्रॉकला हे चालतं. चाकाच्या बुटाला चालत नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? पाय आत खुळखुळायला लागले, तेव्हा हिरासिंगनी पुढं जिनिंगमधलाच उरलासुरला कापूस कोंबला. "हात न धरता पुरा चक्कर मारशीन, तवा मले दाखवजो," असं म्हणून शाम ट्रिपवर निघाला, तो आदिलाबादच्या पुढं उभ्या ट्रकवर आदळून गेला.

दिपाली तेव्हा मामाच्या तांड्यावर होती. सगळं उरकल्यावर ती परत आली आणि आल्या आल्या तिनं विचारलं, "बापू कुठी हाय?" बायकांनी तोंडात पदर कोंबले. हिरासिंग पटकन बोलून गेले, "लांबच्या ट्रिपवर गेला. तुले चक्कर मारता आला का मंग येते पाह्याले." ड्रायव्हरच्या घरात असं बोलणं रोजचंच. पोरीनं खरं मानलं. वेळ मारून न्यायला गेले आणि जन्माचं ओझं घेऊन बसले.

कारण पोरगी जिद्दीला पेटली. गुडघे फुटले, कोपर सोलवटलं, तरी थांबेना. ती सुधारत गेली तशी हिरासिंगांची पकड घट्ट होत गेली. खरं तर तिचा तोल कधीचा सावरला होता. कंबर सोडत नव्हते ते हिरासिंगच.

सून संगीता सासऱ्यांपुढं पदर खाली ओढून घेते, त्यांच्याशी थेट बोलत नाही. बोलायचं ते सासूला उद्देशून. काल भाकरी वाढताना ती सासूला, मानीबाईंना म्हणाली, "याडी, पोरगी रोज फाटकाकडं पाह्यत राह्यते. सांगा न कोनी तिले. माह्या तोंडून नाई निंगत."

हिरासिंगांनी ते ऐकलं होतं. आज सांगायचं असं ठरवूनच ते आले होते, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत दिपालीनं त्यांचे हात झटकले आणि ती सुटली.

गोदामाच्या कडेनं, वजनकाट्याला वळसा घालून, पलीकडच्या भिंतीजवळून पोरीनं अख्खा फेरा मारला. लाल तोंडानं परत आली आणि फाटकाकडं बघत उभी राहिली. हायवेवर एका ट्रकनं हॉर्न दिला. तिनं मान उंचावली. ट्रक निघून गेला.

"नाई आला," ती म्हणाली. मग हळूच बोलली, "दादा, म्या तिकडं भिंतीले जरासा हात लावला. तू नाई पाह्यलं. त्याच्यानंच नाई आला. थांब, फिरून मारतो."

हिरासिंग तिच्यापुढं सिमेंटवर बसले. स्वतःचा इतका संताप त्यांना आजवर कधी आला नव्हता.

"तुही काईच चूक नाई, बाई. तू बराबर मारला. बापूच येत नाई आता."

"काहून?"

"मेला तो. टरक आदळला. म्या लबाड बोललो तुह्याशी."

 दिपाली रडली नाही.

"याडीले मालूम हाय?" तिनं आईचं विचारलं.

"हाय."

"मंग बापूले मालूम हाय, मले आलं म्हून?"

गोड उत्तर जिभेवर आलं होतं. वरून पाह्यते, असं कोणीही म्हणालं असतं. हिरासिंगनी ते गिळलं.

"नाई, बाई. नाई मालूम."

तिनं पायातल्या चाकांकडं पाहिलं. मग पाठ वळवून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"मंग धर," ती म्हणाली.

हिरासिंगनी उठून, वाकून, तिची कंबर धरली.