खुडलेले शेंडे

बंबातली राख सुपात घेऊन गोजाबाई परसातल्या शेडखाली वाकली होती. राख तिनं आधी चाळून घेतली होती. मुठीमुठीनं ती भुईवर पसरायची आणि मागं सरायची, म्हणजे त्यात आपलंच पाऊल उमटायला नको. वर पत्र्यावर लाल भोपळ्याचा वेल चढला होता. त्याच्या फांद्या कडेवरून खाली लोंबत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक फांदीचा शेंडा कुणीतरी खुडून नेला होता.

"आई, काय करताय?"

सून तेजल मागच्या दारात उभी होती. ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच होती.

"मुंग्या झाल्यात."

"मग राख कशाला? खडू आणलाय ना मी."

"आमी राखच घालतो."

हिंजवडीला दिवसभर स्क्रीनपुढं बसून आलेल्या पोरीच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. ती आत गेली. गोजाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. उन्हाळ्यात तेजलला दिवस राहिले होते, ते टिकले नाहीत. घरात त्यावर कुणी बोलत नसे. पण शेंडे खुडलेले दिसल्यापासून गोजाबाईच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता, वंशवेल. भोपळा गेला असता तर ती चोरी म्हणून सोडून देता आली असती. पाला गेला असता तर कुणाच्या तरी शेळीचं नाव घेता आलं असतं. नुसते शेंडे कोण नेईल? ज्याला वेल वाढू द्यायचा नाही, तोच. आणि या परसात मधल्या भिंतीच्या खिंडीतून शेजारच्या घरातून सरळ येता येत होतं. ते घर तिच्या थोरल्या जावेचं, चतुराबाईचं होतं.

थेरगावात एके काळी या घराण्याची ज्वारी उभी राहायची. जमिनीवर इमारती उठल्या, उरलेल्या तुकड्यावर दोघा भावांची दोन घरं आणि गोजाबाईच्या वाट्याला आलेली खोल्यांची चाळ राहिली. भावकीतले म्हातारे शहराच्या नावानं खडे फोडायचे. गोजाबाईला मात्र हे शहर मनापासून आवडायचं, आणि त्याचं कारण तिची जीभ होती. डांगे चौकाच्या मंडईत मावळातली मेथी दव घेऊनच यायची, आणि तिच्या शेजारी परवल, केळफूल, कच्चा फणस, केरळची जाडजूड केळी, नावही ठाऊक नसलेल्या हिरव्यागार जुड्या मांडलेल्या असायच्या. लहानपणी वांगी, बटाटे आणि आमटी यांपलीकडं जग असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते जग आता पायी जाण्याच्या अंतरावर येऊन बसलं होतं. चाळीतल्या खोल्यांतूनही वाट्या यायच्या. मराठवाड्याचं येसर आलं, कोकणातलं कुळथाचं पिठलं आलं, बिहारची लिट्टी आली. ती सगळं चाखायची, बोटं चाटायची आणि वाटीत साखर घालून परत पाठवायची.

रांधलेलं सगळ्यांचं चालायचं. माणसं मात्र तिला कुणाचीच भरवशाची वाटत नसत. नळाला कोण किती वेळ उभं आहे, पाहुणा म्हणून आलेला माणूस मुक्काम का ठोकतो, दिवा कुणाचा जळतो, यावर ती डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. गेल्या वर्षी दारच्या झाडाची लिंबं तोडताना एक भाडेकरीण सापडली, तर महिना भरायच्या आत तिनं तिची खोली खाली करून घेतली.

सकाळी उजाडल्याबरोबर ती परसात गेली. आणखी काही शेंडे गेले होते, आणि राखेत ठसे होते. त्यातल्या एका चपलेची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली होती. उभ्या थेरगावात ती चप्पल एकाच बाईची होती. चतुराबाई गुडघ्यामुळे पाय फाकवून चालायची. बाजूला आणखीही पावलं होती, अनवाणी आणि बारीक. असतील चाळीतल्या पोरांची, असं म्हणून गोजाबाईनं ती सोडून दिली. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

मधल्या बुटक्या भिंतीपलीकडं चतुराबाई ताटात तांदूळ निवडत बसली होती.

"आक्का, माझ्या वेलाखाली काय करत व्हता?"

चतुराबाईचा हात थांबला.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या चपलेनं."

चतुराबाईनं एकदा चाळीच्या बाजूला पाहिलं, मग जावेकडं.

"व्हते. मग काय झालं?"

"काय झालं? शेंडा न् शेंडा खुडलाय येलाचा! माझ्या तेजलचं काय झालं ते ठावं हाय तुमाला. तुमच्या दारात नातवंडं खेळत्यात, म्हणून माझ्या वंशाचा येल खुडायला निघालाव व्हय?"

शब्द तोंडातून गेले आणि गोजाबाईलाच ते ऐकताना कसंतरी झालं. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा भाकरी कशी थापायची हे याच बाईनं तिला शिकवलं होतं. तिचा मुलगा रणजीत जन्मला तेव्हा त्याला पहिलं न्हाऊ याच हातांनी घातलं होतं. पण शब्द मागं घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

चतुराबाईचा चेहरा पडला. ती काही बोलेल, शिव्या देईल, निदान देवाची शपथ घेईल असं गोजाबाईला वाटलं. पण चतुराबाईनं ताट उचललं, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मनात काळंबेरं असल्याशिवाय माणूस दार लावील का, असं गोजाबाईनं स्वतःला समजावलं.

संध्याकाळी हे तेजलच्या कानावर गेलं.

"माझं नाव घेऊन भांडलात तुम्ही?" ती एवढंच म्हणाली, आणि त्या रात्री जेवायला बाहेर आली नाही.

त्याच दिवशी दुपारी चाळीतली मिनती वाटी घेऊन आली होती. ती ओडिशाची, नवरा चाकणच्या एका कंपनीत, शिफ्टच्या बसनं जायचा-यायचा. तिचं पोट आता पदराआडूनही कळायचं. गोजाबाई तिच्याशी बोलताना नजर तोंडावरच ठेवायची, खाली जाऊ द्यायची नाही. वाटीत कसलीशी पालेभाजी होती, बटाट्याच्या फोडी, लसूण आणि वर वाटलेल्या मोहरीचा झणका. पहिल्या घासालाच गोजाबाईच्या नाकात सणक गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला तिनं भाकरी वाढून घेतली.

"कसली गं भाजी ही?"

"साग है, आजी."

"अगं, पालेभाजी ते कळलं, पण कुठली? कुठल्या मंडईतली?"

मिनती गोंधळून हसली. "ताजा है," ती म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं गोजाबाईला तेव्हाच वाटलं. भाजीवाला दडवतेय पोरगी! इतकी कोवळी भाजी आणायची कुठून, आणि खोलीच्या मालकिणीला सांगायचं नाही?

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ती डांगे चौकात गेली. मंडई भरात होती. भिजवलेल्या गोणपाटांखालून पालक, चुका, चाकवत डोकावत होते, पिकल्या पेरूंचा वास येत होता, एक बंगाली मासेवाला गिऱ्हाइकाशी हिंदीत भांडत होता. दर खेपेला या दोघी जावा मिळून यायच्या. भाव चतुराबाई करायची आणि तोंडात टाकून बघायचं काम गोजाबाईचं. आज तिनं प्रत्येक गाळ्यापाशी थांबून पानं चोळली, वास घेतला, देठ मोडून पाहिले. ती भाजी कुठंच नव्हती. एका ठिकाणी सुरेख कवळी करडई दिसली. "आक्का, ह्यी बघा," असं म्हणत ती वळली. मागं एक अनोळखी माणूस फोनवर बोलत उभा होता. करडई न घेताच ती घरी आली.

असे बरेच दिवस गेले. भिंतीपलीकडून चतुराबाईच्या भांड्यांचा आवाज यायचा, माणसाचा नाही. गोजाबाई वाट पाहत होती. जिनं केलं तिनं कबूल करावं, मग आपण मोठं मन करून सोडून देऊ, असं तिनं ठरवून टाकलं होतं. शेंडे मात्र जातच होते. एवढं ऐकूनही ही बाई थांबत नाही, म्हणून तिचा पारा आणखी चढायचा.

एका दुपारी मिनती पुन्हा वाटी ठेवून गेली. गोजाबाईनं चुलीजवळच बसून घास घेतला. जिभेवर काहीतरी तारेसारखं लागलं. तिनं ते बोटांनी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं. शिजून मऊ पडलं तरी त्याचं वेटोळं सुटलं नव्हतं. तो वेलाचा ताणा होता. असे ताणे पावसाळाभर तिनं स्वतः सुतळीला गुंडाळून पत्र्यावर चढवले होते. जन्म शेतकऱ्याच्या घरातला, भोपळ्याचा ताणा तिनं अंधारातही ओळखला असता. फक्त तो ताटात यायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. तिच्या माहेरी तो पाला गुरांपुढं पडायचा.

हात न धुताच ती उठली आणि चाळीच्या टोकाच्या खोलीपाशी गेली. दार उघडंच होतं. मिनती भुईवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात वर्तमानपत्रावर शेंड्यांचा ढीग होता आणि ती एकेका देठाची साल काढत होती.

"ह्ये माझ्या येलाचं?" गोजाबाईनं दारातूनच विचारलं.

मिनती घाबरून उठायला गेली, पण पोटामुळं तिला पटकन उठता येईना.

"आजी, मैं पूछ के... बाजूच्या काकीला विचारलं मी. माझ्या मनाला फार पाहिजे होता, घर का साग. उलटी होत होती, काहीच खात नव्हती मी. काकीनं बघितलं. बोली, चल. काकी आकडीनं डाली ओढते, मी कापते."

"आन् मला सांगितलं का न्हाई?"

मिनतीनं मान खाली घातली.

"काकी बोली, आजीला सांगू नको. आजीला खायला दे, बस."

 गोजाबाईच्या डोळ्यांसमोर राखेतली ती बारीक, अनवाणी पावलं आली. आपण जावेला काय बोललो ते अक्षरन् अक्षर आठवलं. ती चाळीला वळसा घालून चतुराबाईच्या पुढच्या दारानं आत गेली.

चतुराबाई पडवीच्या कडेच्या खोलीत होती. तिथं जुनी पिंपं आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. आता खोली रिकामी होती, झाडून पुसून घेतलेली. चतुराबाई एका खाटेवर गोधडी पसरत होती. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा गोधडीच्या सुरकुत्या काढायला लागली.

"आक्का, त्या दिशी सांगितलं का न्हाई मला?"

"काय सांगायचं व्हतं?"

"पोरीसाठनं गेलता म्हणून. सांगितलं असतं तर मी तसलं वंगाळ बोलले असते का तुमाला?"

"मला न्हाई बोलली असतीस," चतुराबाई म्हणाली. "तिला बोलली असतीस. लिंबांच्या पायी त्या बाईला काढलीस, तवा तिच्या कडेवर पोर व्हतं. मी सांगाया आले, तर म्हणालीस, आक्का, तुमी मधी पडू नका."

गोजाबाईला ते आठवत होतं. पाऊस होता आणि त्या बाईनं भांड्यांचं पोतं डोक्यावर घेतलं होतं, हेही आठवत होतं.

"आवो, पण पोटुशी बाईला मी रस्त्यावर काढीन व्हय?"

चतुराबाई 'न्हाई' म्हणेल म्हणून ती थांबली. एवढ्या वर्षांची ओळख, एवढं तर ती म्हणेलच. चतुराबाईनं उशी झटकली आणि खाटेवर ठेवली.

"मला काय ठावं, गोजे," ती म्हणाली. "म्हणून ह्यी खोली झाडून ठेवली."

गोजाबाईनं खोलीवरून नजर फिरवली. कोपऱ्यात शेगडी होती, पाण्याचा माठ होता. आणि वर छताला पाळण्याची लोखंडी कडी नुकतीच बसवून घेतली होती. तिच्याभोवतीचं सिमेंट अजून ओलसर दिसत होतं. आपण परसात राख पसरत होतो, मंडईत पानं चोळत होतो, जावेनं कबूल करायची वाट बघत होतो, तेवढ्या दिवसांत इथं हे सगळं होत होतं. आपण त्या पोरीला बाहेर काढूच, अशी मनाशी खूणगाठ बांधून ही बाई तयारीला लागली होती. वंशाचं बोलणं ऐकून घेतलं, पण पोरीचं नाव ओठावर येऊ दिलं नाही. गोजाबाईला रडू आलं. ते तिनं पदरात दाबलं.

"न्हाई काढणार मी तिला, आक्का. खरंच न्हाई काढणार."

चतुराबाई गुडघा धरून खाटेच्या कडेवर टेकली. तिनं जावेला हात धरून शेजारी बसवलं, कपाळावर आलेले तिचे केस मागं सारले. मग मान वर करून छताकडं पाहिलं.

"नको काढूस," ती म्हणाली. "कडी मातर आसू दे."