चौदा इंचाचं टोपडं

"माझ्या नमुन्यावरून कुणीही विणू दे, टोपडं चौदा इंचाचंच होणार. माप चुकायला मार्गच ठेवलेला नाही मी," असं आमची जयमाला नगरला राधाकृष्णशेठच्या छापखान्यात म्हणाली. हे १९९६ सालच्या जूनमधलं. ऑगस्टपर्यंत जिल्ह्यात तिच्या नमुन्याची चार टोपडी झाली आणि त्यातलं फक्त एक चौदा इंचाचं निघालं. ते चुकीचं आहे असं आम्ही ठरवलं.

जयमाला माझी बायको. श्रीरामपुरात अठरा वर्षं शिवण-विणकामाचा क्लास घेते. तिनं बसवलेला कमळाचा रुमाल एका बाईनं स्वतःच्या नावानं मासिकात छापून आणला, फोटोसकट. फोटोतला रुमालसुद्धा जयमालाचाच होता, बघायला म्हणून नेलेला. त्या दिवशी तिनं ठरवलं, आता आपलं पुस्तक काढायचं आणि वर आपलं नाव मोठ्या अक्षरात घालायचं. 'बाळाचे क्रोशे', नमुने बावीस, पहिला नमुना टोपड्याचा.

राधाकृष्णशेठ तयार झाला, पण सावध होता. मागच्या वर्षी त्यानं लोणच्यांचं पुस्तक काढलं होतं. त्यात मिठाचं माप चुकलं आणि बायका बरण्या घेऊन छापखान्यात आल्या होत्या.

"ताई, तुम्ही विणाल ते बरोबरच येणार," तो म्हणाला. "पण ज्यांना तुम्ही कधी शिकवलं नाही अशा चारजणांना नुसता कागद द्या. त्यांचं माप एकसारखं आलं तर दिवाळीआधी पुस्तक काढतो. नाही आलं तर छपाईचा कागद दुसऱ्या पुस्तकाला जाईल. मग पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीपर्यंत ती मासिकवाली बाई आणखी काय काय नेईल याचा भरवसा नव्हता. जयमाला म्हणाली, "चार काय, चाळीस आणते."

चार मिळवताना नाकी नऊ आले. मी एसटीत कंट्रोलर, श्रीरामपूर स्टँडवर. माझ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगून ठेवलं, फुकटात विणून देणारं कुणी असेल तर बघा. पारनेरकडच्या एका ड्रायव्हरची चुलती मालनबाई मिळाली. राहुरीची बनुबाई मिळाली. संगमनेरची ज्ञानेश्वरी नावाची नवी सून मिळाली. चौथं कुणी मिळेना, तेव्हा नेवाशाचे पुंजाराम आपण होऊन आले. पुंजाराम रिटायर कंडक्टर. बोटं थरथरतात म्हणून डॉक्टरांनी काहीतरी हातकाम करा म्हणून सांगितलेलं, तर हा माणूस क्रोशा शिकला.

"बाप्या माणूस चालेल का?" मी जयमालाला विचारलं.

"कागद वाचता येतो ना? मग झालं."

प्रत्येकाला नमुन्याची झेरॉक्स, लोकरीचा एक गुंडा, आठ नंबरची सुई आणि एक प्रश्नांचा कागद गेला. टोपड्याच्या घेराला बहात्तर खांब. खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. बहात्तर खांबांचा घेर चौदा इंच भरतो, हे जयमालानं स्वतः अकरा वेळा विणून बघितलं होतं.

महिन्याभरात टोपडी यायला लागली, कंडक्टरच्या हाती. पहिलं मालनबाईचं. नाड्या आवळून बांधलेलं आणि आत गच्च शेंगदाणे. बनुबाईच्या टोपड्यात हरभरे. ज्ञानेश्वरीच्या टोपड्यात तिच्या सासूनं गुळाचा अख्खा गोळा बसवून दिला होता. कंट्रोलरसाहेबांच्या घरी रिकामी वस्तू कशी पाठवायची, हा आमच्याकडचा रिवाज. डबा असो, ताट असो, परत जाताना त्यात काहीतरी जातंच. मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. शेंगदाणे मी डब्यात ओतले, गूळ फडताळात ठेवला आणि टोपडी जयमालाला दिली.

तिनं टेप लावला. मालनबाईचं सतरा इंच. बनुबाईचं पावणेसतरा. ज्ञानेश्वरीचं सव्वासतरा, आणि ते टेपला चिकटत होतं.

पुंजारामांचं टोपडं वर्तमानपत्रात गुंडाळून आलं, रिकामं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नोंद नसलेलं सामान गाडीत चढू दिलं नव्हतं, ते रिटायर झाल्यावर काय देणार. चौदा इंच, एक सूत इकडं-तिकडं नाही.

"तिघींचं सारखं येतंय," जयमाला म्हणाली. "यांचं एकट्याचंच लहान. हात आवळून विणतात वाटतं."

"बोटं थरथरतात ना," मी म्हणालो.

प्रश्नांच्या कागदांचाही काही उपयोग झाला नाही. 'कुठल्या ओळीत अडलात?' याला मालनबाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, "अडलो न्हाई." 'नमुन्यात काही चूक सापडली का?' याला, "तुमच्यासारक्या शिकल्यासवरल्या बाईच्या चुका आमी काडनार व्हय? पोरं बरी हायेत का?" बनुबाईनं सगळ्या प्रश्नांपुढं 'छान' लिहिलं होतं, स्वतःचं नाव विचारलं होतं तिथंसुद्धा. ज्ञानेश्वरीचा कागद सासूनं भरला होता: सून विणायला बसली की स्वयंपाकाला उशीर होतो, ही एक चूक सापडली. पुंजारामांनी मात्र अकरा मुद्दे काढले होते. मुद्दा चौथा असा: "सहाव्या ओळीत 'मागच्याप्रमाणे' असं लिहिलं आहे. मागच्या म्हणजे कुठल्या, याचा खुलासा व्हावा."

"भांडखोर दिसतात," जयमाला म्हणाली आणि तो कागद तिनं बाजूला ठेवला.

मग दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. अकरा वेळा विणलेला नमुना दुसऱ्याच्या हातात तीन इंचांनी का वाढतो? शेवटी तिनं ठरवलं, आपला हात घट्ट आहे, जगाचा सैल. पुस्तक जगासाठी आहे. बहात्तरचे अठ्ठावन्न खांब केले आणि कागद पुन्हा पाठवले.

दुसऱ्या खेपेला टोपडी लहान निघाली. यात पाठवलेलं थोडं दिसेल म्हणून तिघींनी दाबून दाबून भरलं. मालनबाईच्या टोपड्याच्या नाड्या सोडायला मला पक्कड लागली. शेंगदाणे काढले, टेप लावला. चौदा इंच. बनुबाईचं चौदा. ज्ञानेश्वरीचं चौदा, आणि या वेळी गूळ जास्त पिवळा होता.

पुंजारामांचं सव्वाअकरा. सोबत कागद: "हे टोपडं नारळाला बसते. मुद्दे सतरा."

जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तिघींचं बरोबर आलं! म्हणजे नमुना बरोबर." पुंजारामांना तिनं आभाराचं पत्र लिहिलं, आणि त्यात तब्येतीला जपावं, यापुढं त्रास घेऊ नये असं सुचवलं. तीन टोपडी घेऊन आम्ही नगरला गेलो. राधाकृष्णशेठनं आपल्या सहा महिन्यांच्या नातीला घरातून आणवलं. तिन्ही टोपडी तिच्या डोक्यावर चढवून बघितली. तिन्ही नीट बसली. नात रडली, ते गुळाच्या टोपड्यामुळं.

"लावा छपाईला," शेठ म्हणाला.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, पुंजाराम दारात उभे. हातात सव्वाअकरा इंचाचं टोपडं, खिशात लाकडी फूटपट्टी.

"साहेब, तुमचा मान राखून बोलतो," ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता जयमालाकडं वळले. "बाई, तब्येतीला जपा म्हंजे काय? बत्तीस वर्षं मी पोरांची उंची नुसत्या नजरेनं धरून हाफ तिकीट का फुल ते ठरवलंय. एका बापानं कोर्टात जाईन म्हणून सांगितलं, गेला न्हाई. आन् तुमी मला माप शिकवता?"

"काका, बसा तरी. चहा घ्या."

"आधी टेप काढा."

टेप काढेपर्यंत मालनबाई आली. भाचीकडं जवळच बेलापूरला आलेली, म्हणून बाईंना भेटून जावं. उरलेल्या लोकरीतून तिनं आणखी एक टोपडं विणलं होतं. ते तिनं जयमालाच्या ओटीत ठेवलं. भरलेलं. जयमाला वजनानं खाली वाकली.

"मालनबाई, यात काय आहे?"

"शेंगदानंच की. औंदा लई झालं."

"टोपड्यात कशाला घातलेत?"

"मग काय रिकामं आनू?" मालनबाई माझ्याकडं बघून हसली. "साहेबास्नी इचारा. दोन्ही टायमाला मी गच्च भरून धाडलं. दुसऱ्यांदा तर बाईनी टोपडं बारकं केल्तं. मी म्हनलं, एवढुशात काय मावनार, लोकं नावं ठिवतील. मग गुडघ्यानं दाबून भरलं."

जयमाला माझ्याकडं बघायला लागली.

"शेंगदाणे यातून आले होते?"

"हो," मी म्हणालो. "बनुबाईचे हरभरे पण. आणि गूळ."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. खाल्लेस की तू. कूट केलं होतंस."

पुंजारामांनी फूटपट्टी काढली, मालनबाईच्या भरलेल्या टोपड्याला लावून बघितली, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ओव्हरलोड."

"काय झालं काय?" मालनबाई घाबरली. "खवट हायेत व्हय?"

"खवट नाहीत हो, मालनबाई." जयमाला खाली बसली. "तुम्ही विणलेलं बरोबरच होतं. पहिल्यांदा पण बरोबर होतं. काकांचं पण बरोबर होतं. मीच खांब कमी करून बसले."

"मग वाढवा परत."

दुपारच्या गाडीनं आम्ही चौघं नगरला गेलो. मालनबाईला पारनेरच्या गाडीसाठी तिकडूनच जायचं होतं, आणि पुंजाराम साक्षीदार म्हणून आले. राधाकृष्णशेठ छापखान्याच्या मागं राहायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला आत नेलं. आत एक हजार प्रतींचा गठ्ठा होता, टोपड्याचं पान वर. अठ्ठावन्न खांब, हजार वेळा.

"कागद पुन्हा पांढरा होत नाही ताई," तो म्हणाला.

"माझं नाव काढा मग. असल्या पुस्तकावर नको मला नाव," जयमाला म्हणाली, आणि नाव काढायचं म्हटल्यावर तिलाच रडू आलं. तेवढ्या एका नावासाठी तर सगळं चाललं होतं.

पुंजाराम पान वाचत होते आणि पेन्सिलनं मुद्दे काढत होते. शेवटी मालनबाई म्हणाली, "आवो, पन शेटच्या नातीला टोपडं बसलं हुतं का न्हाई?"

"बसलं होतं," शेठ म्हणाला.

"मंग बारकं इनायचं, आन् भरून ठिवायचं. वाढतंय की आपोआप. तसं लिवा की तितं. लाजायचं काय त्यात?"

पुंजाराम म्हणाले, नियमात बसतं, फक्त वजन आणि मुदत लिहायला पाहिजे. शेठनं छापखान्यातच प्रयोग केला. अठ्ठावन्न खांबांचं पुंजारामांचं टोपडं, शेजारच्या दुकानातले पाऊण किलो हरभरे, खुंटी. मंगळवारी टेप लावला, चौदा इंच.

मग चिकटवायची चिठ्ठी छापली. मजकूर जयमालाचा: "वस्तू विणून झाल्यावर तीत पाऊण किलो हरभरे गच्च भरावेत, तोंड आवळून दोन दिवस खुंटीला टांगावी. नंतर हरभरे काढून घ्यावेत." शेवटचं वाक्य शेठनं घालायला लावलं. लोणच्याच्या पुस्तकापासून तो वाचकांवर काही सोडत नव्हता. चिठ्ठी बारीक होती, जागा पुरेना, म्हणून 'टोपडं' काढून 'वस्तू' टाकलं. कुठल्या पानावर चिकटवायची ते बाइंडरला तोंडी सांगितलं.

पुस्तक वसुबारसेच्या आदल्या दिवशी आलं. वर जयमालाचं नाव होतं, मोठ्या अक्षरात. तिनं ते उशाशी ठेवलं. दिवाळीत जिल्ह्यात चारशे प्रती गेल्या. मासिकवाल्या बाईनंही एक घेतली म्हणतात.

टोपडं डाव्या पानावर होतं आणि बाळाचे मोजे उजव्या. बाइंडरनं हजारच्या हजार चिठ्ठ्या उजव्या पानावर चिकटवल्या होत्या. हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं. कोपरगावहून एका बाईंनी कंडक्टरच्या हाती मोज्यांची जोडी पाठवली. एका मोज्याची लांबी सतरा इंच, दुसऱ्याची साडेसोळा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की नमुना समजायला सोपा आहे, कुठंही अडलं नाही, बाळ पाच महिन्यांचं आहे आणि मोजे त्याच्या काखेपर्यंत येतात.