पिवळी चिठ्ठी नसलेला डबा

मित्रांनो, मी टॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर निळ्या झग्यातली एक मुलगी ओंजळभर टॉफ्या घेऊन हसते आहे. तिच्याकडे पाहिले की आत काय असेल हे कोणाला विचारावे लागत नाही. बावन्न वर्षे हाच माझा अभिमान होता, आणि याच गोष्टीने एकदा घात केला.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, साच्यात दाबला, वर रंगाचे थर चढवले, भट्टीत भाजले. मग टॉफ्यांनी भरून मला हॅलिफॅक्स शहरातल्या एका दुकानात मांडले. तिथून मला एफीने उचलले. एफी केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात शाळेत शिकवत असे. धाकट्या भावाच्या, रेनल्डच्या लग्नात तिने मला नव्या नवरीच्या, मर्डीनाच्या हातात ठेवले.

"हा डबा रिकामा दिसला तर मी तुझ्याकडे पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली.

मर्डीनाने ते मनावर घेतले. दर मंगळवारी दुपारी तिघे पत्ते खेळायला बसत. एफी दारातून आत येई, बूट काढी आणि कोट अंगावर असतानाच माझे झाकण उघडी. तिने कधी विचारले नाही, तिला कोणी कधी अडवले नाही. रेनल्डची तीन मुलेही माझ्यावरच वाढली. शाळेतून येणाऱ्या प्रत्येक पोराचा हात आधी माझ्याकडे येई. झाकणाचा रंग कडेने उडाला तो या हातांनी.

मग मुले कामासाठी दूर पश्चिमेला, अल्बर्टा प्रांतात गेली. रेनल्डला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली, तेव्हा टॉफ्याही बंद झाल्या. एफी मंगळवारी स्वतःच्या खिशातून पेपरमिंट काढून खाऊ लागली आणि मी फ्रिजच्या माथ्यावर धूळ खात पडलो. अशी सहा वर्षे गेली.

रेनल्डने चाळीस वर्षे लॉब्स्टरचे पिंजरे थंडगार पाण्यातून ओढले होते. त्याची बोटे आता झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. रात्री दुखण्याने तो उठून बसे. पण बहिणीला त्याने यातले काही कळू दिले नाही. पत्ते धरता येत नाहीत म्हणून मर्डीनाने त्याला लाकडाची एक खाचेची पट्टी करून दिली, तेव्हा तो एफीला म्हणाला, "हात मोकळे राहिले की चहा पिता येतो."

एके दिवशी तो सरकारी दारूच्या दुकानातून गांजाच्या अर्काच्या जेलीच्या गोळ्या घेऊन आला. आमच्याकडे त्या कायद्याने मिळतात. एका पाकिटात दोनच गोळ्या. पाकिटावर लाल अष्टकोनात एक पान, आणि खाली पिवळी चिठ्ठी, बारीक अक्षरांतल्या इशाऱ्यांनी भरलेली.

मर्डीनाने चिठ्ठी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "अगंबाई, हे तर उंदराच्या औषधावर असतं तसं आहे. चर्चच्या बायकांनी बघितलं तर?"

"एवढीशी गोळी आणि त्यावर एवढं पुराण!" रेनल्ड हसला. "दारूच्या बाटलीवर लिहितात का काही? सरकारला म्हाताऱ्यांचीच भीती जास्त."

म्हणजे बघा, चिठ्ठी एकच होती. त्याला ती हसण्यासारखी वाटली, तिला लपवण्यासारखी. ती तिथे कशासाठी चिकटवली आहे, हे दोघांपैकी कोणीच नीट वाचले नाही.

ती पाकिटे मुलांना उघडता येऊ नयेत अशी बनवलेली असतात. रेनल्डच्या बोटांनाही ती उघडत नसत. म्हणून मर्डीना सगळी पाकिटे एकदमच कात्रीने कापू लागली. पाकिटे ती चुलीत टाकी आणि गोळ्या माझ्यात ठेवी. रेनल्ड रात्री एक खाई. दुखणे काही जात नसे, पण त्याला झोप लागे.

आणि मी? खरे सांगतो, मी खूश होतो. सहा वर्षांनी कोणीतरी मला पुसले, भरले होते. कशाने, हे मी मनाला विचारले नाही.

मार्चमधला मंगळवार होता. एफी त्या दिवशी लवकर आली. रेनल्ड आत पडला होता, मर्डीना मागच्या अंगणात चुलीची राख टाकायला गेली होती. एफीने बूट काढले, फ्रिजवर पाहिले, आणि मी पुसून चकचकीत झालेलो तिला दिसलो.

"आली का पुन्हा गादीवर, निळू?" ती झाकणावरच्या मुलीला म्हणाली. एक गोळी तोंडात टाकली. "या वेळी जेली आणली वाटतं." मग दुसरी. मग सहा वर्षांचा उपास सोडल्यासारख्या आणखी दोन. मर्डीना आत आली तोवर झाकण बंद झाले होते.

पहिला तासभर काहीच झाले नाही. एफी दोन डाव जिंकली आणि भावाला यथेच्छ चिडवून झाले. तिसऱ्या डावात ती हातातल्या पानांकडे टक लावून बघत राहिली.

"मर्डीना, हा गुलाम मला डोळा मारतोय."

"तुला या वयात कोण डोळा मारणार?" रेनल्ड म्हणाला.

पण एफी हसली नाही. तिच्या हातातली पाने गळून पडली. "माझे हात कुठे गेले गं?" ती म्हणाली. जीभ जड झाली होती. ती उठायला गेली आणि खुर्चीसकट कोलमडली. एक्याऐंशी वर्षांची ही बाई आयुष्यात कधी घाबरली नव्हती. आता तिने भावाची बाही घट्ट धरली. "रेनल्ड, आईसारखंच झालंय मला. मी चालले रे."

त्यांची आई मेंदूच्या झटक्याने गेली होती.

मर्डीनाने रुग्णवाहिका बोलावली. पर्स उचलायला वळली तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. माझे झाकण तिरके बसले होते. तिने ते उघडले. सकाळी तिने दहा गोळ्या ठेवल्या होत्या. आत सहा होत्या. मला पर्समध्ये कोंबून ती धावली.

दवाखाना चाळीस मिनिटांवर होता. साऱ्या वाटेत ती पर्स छातीशी धरून बसली होती आणि पत्र्यातून मला तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. तिने कोणाला काहीच सांगितले नाही. "हात घट्ट धर, एफी," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डॉक्टर अडेयेमी नावाची तरुण बाई होती. तिने एफीच्या मेंदूचा फोटो काढून घेतला. बाहेर येऊन ती दोघांशी हळू आवाजात बोलली.

"फोटोत काही दिसत नाही. पण सुरुवातीला कधी कधी दिसतही नाही. झटका असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. त्यांनी आज काही वेगळं खाल्लंय का? कसलं औषध?"

रेनल्डने नकारार्थी मान हलवली. त्याला ठाऊकच नव्हते.

मर्डीना चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसणारी बाई. सगळ्या गावात तिच्या ओटच्या बिस्किटांचे नाव होते. शेजारच्या बाकड्यावर त्याच गावचे दोघे जण बसले होते आणि कान इकडेच लागले होते. तिने मला पर्समधून काढले. झाकण उघडून डॉक्टरपुढे धरले.

"टॉफी समजून हे खाल्लंय तिने," ती मोठ्याने म्हणाली. "गांजाच्या गोळ्या आहेत. चार. माझ्या घरातल्या, मीच यात भरलेल्या."

रेनल्ड तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"एका गोळीत किती आहे?" डॉक्टरने विचारले.

"ते पाकिटावर असतं," मर्डीना म्हणाली. "पाकिटं मी जाळली."

तेव्हा रेनल्डने कोटाच्या खिशात हात घातला. कालच आणलेले एक पाकीट त्यात तसेच होते. मर्डीनाला कापायला द्यायचे राहून गेलेले. वाकड्या बोटांनी त्याने ते कसेबसे बाहेर काढले. डॉक्टरने दिव्याखाली धरून ती बारीक पिवळी चिठ्ठी शब्दन् शब्द वाचली. एका गोळीत पाच मिलिग्रॅम. पूर्ण परिणाम व्हायला चार तासही लागू शकतात.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "तपासण्या करतेच, पण ते इंजेक्शन आता घाईने द्यायचं नाही. यांना उबेत ठेवू, जवळ बसू, वाट बघू."

मर्डीना रात्रभर एफीशेजारी बसली. पहाटे एफीने डोळे उघडले आणि पहिले वाक्य स्पष्ट आले, "भूक लागलीय."

सगळे ऐकून झाल्यावर ती रागावली, पण आम्हाला वाटले त्या गोष्टीवर नाही.

"गोळ्यांचं जाऊ दे. तुझी बोटं रात्रभर दुखतात, हे मला ठाऊक नको? खाचेची पट्टी म्हणे चहा प्यायला! मोठी बहीण आहे की परकी आहे मी?"

"तुला वाईट वाटलं असतं," रेनल्ड पुटपुटला.

"मग वाटू दे की! त्यासाठीच तर असते मी." आणि तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

पुढच्या मंगळवारी पत्ते बाजूला ठेवून तिघे माझ्याभोवती बसले. एफीने शाळेतला जाड काळा पेन आणला होता. काय लिहावे यावर तासभर वाद झाला.

"कवटी काढ," रेनल्ड म्हणाला.

"कवटी काढली की मर्डीना पुन्हा लपवायला लागेल," एफी म्हणाली. "आणि गोडगोड लिहिलं तर माझ्यासारखी कोणीतरी खाईल. आपल्या जुन्या गेलिक भाषेत लिहू का?"

"म्हणजे आपण तिघं वाचणार, आणि चौथा देव," मर्डीना म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

शेवटी एफीने मोठ्या, गोल, फळ्यावरच्या अक्षरांत कागदावर लिहिले आणि तो माझ्या झाकणावर, हसणाऱ्या मुलीला झाकून चिकटवला: "यात गांजा आहे. रेनल्डसाठी. खाऊ नाही. एकच घ्यायची आणि चार तास थांबायचे. – एफी, जिने चार खाल्ल्या."

आता पाकिटे जाळत नाहीत. कापलेली पाकिटे चिठ्ठीसकट गोळ्यांबरोबर माझ्यात राहतात आणि मी कुलूप लावलेल्या कपाटात असतो. उन्हाळ्यात अल्बर्टाहून नातवंडे आली. धाकटीने कपाट उघडे असताना मला पाहिले, बोट ठेवून एकेक अक्षर लावले आणि विचारले, "एफी आजी, तू खरंच चार खाल्ल्यास?" एफीने तिला मांडीवर घेऊन सगळी गोष्ट सांगितली, गुलामाच्या डोळ्यासकट.

मित्रांनो, डब्याला हात आपल्याकडे यावेत असेच वाटते. मलाही आयुष्यभर वाटले. पण त्या दिवशी तो लहानसा हात माझ्यापाशी येऊन थांबला, चिठ्ठी वाचून मागे गेला, आणि मला फार बरे वाटले. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल, तर आत जे आहे तेच त्याच्यावर लिहा. मोठे लिहा, आणि लिहिताना लाजू नका.